खिंड नव्हे, मुक्काम मोजा

माळव्यातली चार-सहा मित्रमंडळी हिमालयात सायकलने जायचं ठरवतात, तेव्हा बोलणं पहिल्यांदा खिंडींवर येतं. बारालाचा सुमारे ४,८५० मीटर, लाचुलुंग पाच हजारांच्या वर, टांगलांग ५,३२८. खारदुंगला तर सगळ्यांचंच कुलदैवत होऊन बसलेलं. तिथल्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट, म्हणजे ५,६०२ मीटर, असा आकडा झळकत आला. उपग्रहाच्या मदतीने केलेल्या मोजणीत ती खिंड ५,३५९ मीटरच्या आसपास भरते. त्या सव्वादोनशे-अडीचशे मीटरनी कोणाचं काही बिघडत नाही, फोटो तसेच निघतात. पण खिंडीच्या आकड्यांवरून मार्ग ठरवायची सवय मात्र बिघडवते. उंच प्रदेशातल्या सायकल सफरीत कुठली खिंड ओलांडली यापेक्षा रात्री कुठे झोपलो याला जास्त किंमत आहे. मार्ग मुक्कामांच्या उंचीवरून निवडावा आणि वेग टोळीतल्या सर्वांत मागच्या सायकलस्वारावरून ठरवावा, असं माझं म्हणणं आहे. उज्जैनसारख्या गावातून निघणाऱ्यांनी तर हे आधी ऐकावं, कारण त्यांना मित्रमंडळीकडून मिळणारा सल्ला बहुतेक वेळा याच्या नेमका उलट असतो.

उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या ९५ टक्के धरायला हरकत नाही. लेहला, ३,५०० मीटरवर, तो ६५ टक्क्यांच्या घरात जातो आणि टांगलांगच्या माथ्यावर निम्म्याच्या जवळ येतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. दाब उतरल्यामुळे एका श्वासात तो कमी मिळतो, इतकंच. शरीर यावर उपाय करतं. श्वास खोल आणि जलद होतो, त्यामुळे रक्ताचा जो तोल ढळतो तो मूत्रपिंडं हळूहळू सावरतात. या सावरण्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. त्यात झोपेत श्वास मंदावतो, म्हणून डोकेदुखी, मळमळ, झोपमोड यांचा खरा त्रास मुक्कामाच्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी दिसतो. या विषयावरचा एक पायाभूत अभ्यास आपल्याच देशातला आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात सखल भागातून थेट हिमालयात पोचवलेल्या जवानांपैकी १,९२५ जणांची निरीक्षणं डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. उंचीवर पोचल्यानंतर ६ ते ९६ तासांत लक्षणं सुरू होतात, असं त्यात दिसलं. खिंडीच्या माथ्यावर अर्धा तास थांबून पलीकडे उतरणारा माणूस म्हणूनच बहुधा सुटतो आणि तिच्या पोटाशी तंबू ठोकणारा अडकतो. आपल्या सैन्याची पद्धतही तीन टप्प्यांची आहे : ९,००० फुटांवर सहा दिवस, १२,०००च्या वर आणखी चार, १५,०००च्या वर पुन्हा चार. गिर्यारोहकांच्या वैद्यकात ढोबळ नियम सांगतात तो असा की तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं.

आता ही फूटपट्टी लेहला जाणाऱ्या दोन रस्त्यांना लावून पाहू. मनालीचा रस्ता सुमारे ४७५ किलोमीटरचा. केलाँग आणि जिस्पापर्यंत, म्हणजे ३,२०० मीटरपर्यंत, तो बरा वागतो. पुढे झिंगझिंगबार ४,२७०, सरचू ४,२९०, पांग ४,६००. जिस्पाहून एका दिवसात झिंगझिंगबार गाठलं तर मुक्काम एकदम हजार मीटरने चढतो. मध्ये पत्सेओला थांबलं तरच ही उडी निम्मी होते. त्याहून वाईट गोष्ट सरचूची आहे. तिथे रात्री कोणी आजारी पडलं, तर मागे बारालाचा आणि पुढे लाचुलुंग. खाली न्यायचं म्हटलं तरी आधी वर चढवावं लागतं. उंचीच्या आजाराचं पहिलं औषध खाली उतरणं आणि या रस्त्यावर नेमकं तेच महाग. श्रीनगरचा रस्ता सुमारे ४२० किलोमीटरचा. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७००च्या वर, झोजिला (३,५२८ मीटर) ओलांडून द्रास ३,२८०, मग कारगिलला पुन्हा २,६७६. नंतर मुलबेख, नामिकाला, ४,१०८ मीटरची फोटुला, आणि उतरून लामायुरू, ३,५०० मीटरच्या आसपास. चार हजारांवर एकही रात्र नाही. द्रासला त्रास झाला तर कारगिलकडे उतार, लामायुरूला झाला तर खालत्सेकडे उतार. सोनमर्ग ते द्रास ही उडी तेवढी जराशी मोठी आहे, त्यासाठी सोनमर्गला एक दिवस जादा काढावा. सपाटीवरून पहिल्यांदा जाणाऱ्या टोळीने श्रीनगरकडूनच चढावं, यात मला तरी दुमत दिसत नाही. मनालीचा रस्ता उतरताना करावा, लेहला आठवडाभर राहिल्यावर, किंवा दुसऱ्या वर्षी.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे विक्रमांचा. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ साली लेह ते मनाली हे अंतर ५५ तास १३ मिनिटांत कापलं. त्यांच्या आदल्या वर्षी सैन्यातले लेफ्टनंट कर्नल श्रीपाद श्रीराम यांनी तोच रस्ता ३५ तासांच्या आत पुरा केला. मग आपण दहा-बारा दिवस कशाला घालवायचे? या दोघांचं कर्तृत्व मोठंच आहे, पण त्यांची दिशा बघा. दोघंही लेहहून, म्हणजे साडेतीन हजार मीटरवरून, मनालीच्या २,०५० मीटरकडे निघाले होते. विक्रमाची दौड हा मुक्काम टाळण्याचाच एक प्रकार आहे आणि अशा दौडीच्या मागे गाडी व मदतनीस असतात. हौशी टोळीला रोज रात्री कुठेतरी झोपायचं असतं, तेव्हा तिचं गणितच निराळं.

दुसरा आक्षेप रजेचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. शाळेत, बँकेत किंवा दुकानावर असलेल्या माणसाला दोन आठवड्यांवर काही मिळत नाही, म्हणून तो तयार कार्यक्रम विकत घेतो, ज्यात विश्रांतीचा दिवस हा वाया गेलेला दिवस मानलेला असतो. रजा तेवढीच असेल तर रस्ता कापावा, दिवस कापू नयेत. कारगिलपर्यंत जाऊन परतलं तरी सफर पुरी होते. सायकलचा तर इथे उलट फायदा आहे. मोटारीने मनालीहून निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी लेहला पोचतो आणि मधली रात्र बऱ्याचदा सरचूला डोकं धरून काढतो. सायकल दिवसाला चाळीस-साठ किलोमीटरच जाते आणि शरीराला हवा असलेला वेळ आपोआप देते. उज्जैनकरांना हा सल्ला जुनाच आहे म्हणा. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष मेघाला हिमालयाकडे धाडतो (रामगिरीहून, ज्याला बहुतेक अभ्यासक रामटेक मानतात), तेव्हा वाट वाकडी करून उज्जयिनीला जा, दमलास की शिखरांवर विसावा घे आणि क्षीण झालास की नद्यांचं हलकं पाणी पी, असं बजावतो. निरोप तातडीचा असूनही.

टोळीचा वेग हा नाजूक विषय, कारण तिथे मैत्री आडवी येते. धडधाकट, रोज पन्नास किलोमीटर मारणारा गडी उंचीच्या आजारापासून सुरक्षित असतो, हा समज खोटा आहे. तंदुरुस्तीने ती बाधा टळत नाही. उलट असा माणूस लवकर वर पोचतो आणि दुखणं लपवतो. चढाचा हिशेबही निर्दय असतो. सायकल, सामान आणि माणूस मिळून शंभर किलो वजन तासाला चारशे मीटर वर न्यायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ११० वॅट सतत लागतात. दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे साडेचार हजारांवर ती तीस टक्क्यांनी खाली आलेली असते. माळव्यात गप्पा मारत पेलता येणारा जोर तिथे धाप लावतो. यावर तोडगा साधा आहे. तंबू, स्टोव्ह आणि अवजारं जोरकस गड्याच्या सायकलवर चढवावीत, मागच्याचं ओझं हलकं करावं. वेग आपसूक जुळतात आणि पुढच्याला कंटाळाही येत नाही. रात्री एकमेकांवर लक्ष ठेवावं. सरळ रेषेत चालताना झोक जाणं, बसल्या जागी धाप लागणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं रुग्णाला स्वतःला कळत नाहीत, मित्राला कळतात. ती दिसताच त्याला खाली न्यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. डायमॉक्सच्या गोळीने सराव लवकर होतो, पण ती डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि तिच्या भरवशावर मुक्काम गाळू नये. एक माणूस परतला तर त्याच्यासोबत दुसऱ्याने परतायचं, हेही निघण्याआधीच ठरलेलं बरं. १९२३च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८ साली अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच ती पुरी करून परतले. बाकीचे वाटेत गळाले म्हणून त्या सफरीला कोणी अपयशी म्हटलं नाही.

माळवा सपाट, इथे तयारी कशी होणार, असंही विचारलं जातं. जनापाव, मांडू आणि सिमरोलकडचा घाट पायांना पुरेसे आहेत. उंचीची तयारी मात्र मध्य प्रदेशात होऊच शकत नाही. इथलं सर्वोच्च शिखर धूपगड १,३५० मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातल्यांनीही फार मिजास करू नये, कळसूबाई १,६४६वरच थांबतं. मुक्कामाची शिस्त मात्र उज्जैनात आधीपासून आहे. वैशाखाच्या उन्हात ११८ किलोमीटरची पंचक्रोशी यात्रा पाच दिवसांत पायी करणाऱ्या गर्दीत म्हाताऱ्या बायका असतात, पोरं असतात. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ मागून निघायचं, ठरलेल्या पडावांवर थांबायचं आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ परत करायचं. पडाव गाळून पुढे गेल्याचं पुण्य तिथे कोणी मिरवत नाही.

काश्मीरच्या सुरक्षिततेचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर तर नाहीच. परिस्थिती ठीक नसेल तर सिमल्याकडून स्पितीला जावं. सराहन, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत काझाला ३,६५० मीटरवर पोचणारा तो रस्ता मनालीकडून कुंझुम ओलांडून येणाऱ्या रस्त्यापेक्षा पुष्कळ दयाळू आहे. काश्मीर खुलं असेल तर उज्जैनकरांची सोय चांगली आहे : मालवा एक्सप्रेस इथून थेट जम्मू-कटऱ्याला जाते. सायकली पार्सलच्या डब्यात आधी नोंदवून, जम्मूला उतरवून पुढे टेम्पोने श्रीनगरला न्याव्यात. जून २०२५पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत धावते खरी, पण तिला पार्सलचा डबा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेमुळे सोनमर्गच्या वाटेवर गर्दी असते, तेव्हा सप्टेंबर धरावा. रजेचा अर्ज देण्याआधी एका कागदावर मुक्कामांची यादी उंचीसकट लिहून काढा. तीन हजारांच्या वर सलग दोन रात्रींत पाचशे मीटरहून मोठी उडी दिसली, तर तिथे एक दिवस वाढवा आणि मगच तिकिटं काढा.