संप्रेरकाची धाव आणि ओआरएसचे माप

गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ हे नाव छापू नये, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला, तेव्हा अनेकांना तो लेबलाचा किरकोळ वाद वाटला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष मात्र त्यासाठी वर्षानुवर्षे झगडल्या. त्यांच्या आग्रहामागे आतड्याच्या अस्तराचे शास्त्र आहे, आणि वऱ्हाडाने ते नीट समजून घ्यायला हवे. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात घामावाटे मीठ जाते, तेव्हा मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. त्याच्या प्रभावाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील पेशी सोडियमच्या वाटा आणि पंप वाढवतात. सोडियम आत ओढले जाते, त्यामागोमाग पाणीही येते. रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बराचसा लहान आतडेच शोषते, आणि उरलेल्यातले मीठ वाचवण्याचे काम या संप्रेरकाकडे असते.

मग शरीर स्वतःच सांभाळून घेईल, असे कुणी म्हणेल. उन्हाळ्याच्या घामापुरते ते खरे आहे, पटकीत नाही. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्यातून पटकी पसरून माणसे दगावली. पटकीचे विष लहान आतड्यातून लिटरमागून लिटर पाणी बाहेर काढते. अल्डोस्टेरॉनचा पूर्ण परिणाम व्हायला कित्येक तास लागतात, आणि मोठ्या आतड्याची शोषणशक्तीही मर्यादित आहे. मात्र लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत नेणारी वाट पटकीतही उघडी राहते, आणि ती संप्रेरकाची वाट पाहत नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच वाटेने हजारोंना वाचवले. म्हणूनच ओआरएसच्या, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याच्या, मापाला महत्त्व आहे: लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल. साखर बेसुमार वाढली की ती उलट पाणी आतड्यात ओढते.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारे, तिथे आणखी मीठ कशाला, हा आक्षेपही येतो. पण खाऱ्या पाण्यात ग्लुकोज नसते, त्यामुळे ती वाट चालू होत नाही. शिवाय रोज जास्त मीठ पोटात गेले की अल्डोस्टेरॉन उतरते आणि मोठ्या आतड्याची मीठ ओढण्याची तयारीही कमी होते. तेव्हा मेळघाटातल्या प्रत्येक पाड्यात शुद्ध पाणी आणि आशाताईंकडे योग्य मापाची पाकिटे असणे, ही सरकारची पहिली जबाबदारी आहे. शरीराच्या काटकसरीवर भिस्त ठेवून ती टाळता येणार नाही.