एकवीस हंगामांचं गणित

समजा, देवगडचा एक बागायतदार स्वतःच्या वेबसाइटवरून हापूसच्या पेट्या विकतो. हंगामाचे ७५ दिवस धरू. रोज २०० माणसं साइटवर येतात आणि शंभरात एक जण पेटी मागवतो. म्हणजे हंगामाला १५,००० भेटी आणि १५० पेट्या. या वर्षी त्याने साइटचं पहिलं पान बदललं. त्यामुळे हजारात दहाऐवजी अकरा जण पेटी घेऊ लागले का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं आहे. त्याच्या दृष्टीने ही हंगामाला १५ पेट्यांची वाढ आहे, छोटी गोष्ट नव्हे.

निम्म्या लोकांना जुनं पान दाखवायचं, निम्म्यांना नवं. असा फरक खरोखर असेल तर पाचात चार वेळा तो पकडता यावा आणि नसेल तर विसात एकदाच आपण फसावं, ही संख्याशास्त्रातली नेहमीची अट. तेवढ्यासाठी प्रत्येक बाजूला सुमारे १,६०,००० माणसं लागतात, दोन्ही मिळून ३,२०,०००. त्याच्या साइटवर तेवढी माणसं यायला २१ हंगाम जातील. आज लावलेलं कलम तोवर भरघोस झाड झालेलं असेल.

हे गणित मी तीनदा तपासलं. अवघड आहे तो हा एक टक्का. शंभरातले ९९ जण काहीच न घेता जातात, आणि त्या गर्दीतून एकेका गिऱ्हाइकाचा फरक वेचून काढायचा असतो.

हाच बागायतदार जाहिरात देत असेल, तर तिच्या डॅशबोर्डवर मात्र आकडा दुसऱ्या दिवशीच दिसतो: ‘कन्व्हर्जन ७’, म्हणजे जाहिरातीच्या नावावर सात खरेद्या. तो येतो कुठून? जाहिरातीवर क्लिक झालं की गूगल पत्त्याच्या शेपटीला एक लांबलचक क्रमांक जोडतं. साइटवरचा कोड तो कुकीत जपून ठेवतो. पैसे भरून ‘थँक यू’चं पान उघडलं की तो क्रमांक गूगलकडे परत जातो आणि विक्री त्या क्लिकच्या नावावर चढते. मध्ये किती दिवस गेले तरी चालतात? गूगल जाहिरातींत सहसा ३० दिवस, हवं तर ९०. फेसबुकची कंपनी मेटा सहसा क्लिकनंतरचे सात दिवस धरते, आणि जाहिरात नुसती नजरेखालून गेली असली तरी एक दिवस. म्हणून सोमवारी फेसबुकवर जाहिरात दाबून, गुरुवारी गूगलच्या जाहिरातीवरून येऊन कुणी एकच पेटी घेतली, तर दोन्हीकडे एकेक विक्री दिसते. वहीत पेटी एक आणि पडद्यांवर दोन.

एकच विक्री दोनदा मोजली गेली तर वही बघून दुरुस्त करता येते. खरा घोळ ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांच्यातला आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, तर डॅशबोर्ड फांदी कावळ्याच्या नावावर लिहितो. ज्याला तुमचीच पेटी हवी होती, त्याने तुमचं नाव शोधलं, वर दिसणारी जाहिरात दाबली आणि खरेदी केली. जाहिरात नसती तर तो खालच्या फुकटच्या दुव्यावरून आला असता.

हे ईबेने करून पाहिलं. २०१२ मध्ये अमेरिकेत त्यांनी याहू आणि एमएसएनवर ‘ईबे’ या नावाच्या शोधावरच्या जाहिराती बंद केल्या. जाहिरातीतून येणारे क्लिक गेले, पण त्यातले ९९.५ टक्के फुकटच्या दुव्यांवरून परत आले. मग इतर शब्दांवरच्या जाहिराती देशाच्या काही भागांत बंद ठेवून, काही भागांत चालू ठेवून विक्री ताडून पाहिली. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी तो अभ्यास २०१५ मध्ये ‘इकोनोमेट्रिका’त छापला. खर्च आणि विक्री नुसती शेजारी ठेवून हिशेब केला, तर परतावा ४,१०० टक्क्यांहून जास्त दिसत होता. प्रयोगातून निघाला उणे ६३ टक्के. म्हणजे डॉलर घातला की ३७ सेंट हाती. नव्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा उपयोग दिसला. पैसा मात्र बहुतेक नेहमीच्या, जाहिरातीविनाही येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जात होता.

ईबेकडे असा प्रयोग करण्याइतकी माणसं होती. बाकीच्यांचं काय? रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी २०१५ मध्येच जाहिरातींचे २५ मोठे प्रयोग मांडले. एकूण २८ लाख डॉलरच्या जाहिराती, बहुतेक प्रयोगांत लाखो गिऱ्हाइकं. तरीही परताव्याच्या अंदाजाची रुंदी सर्वसाधारणपणे १०० टक्क्यांहून अधिक निघाली. तेवढ्या पट्ट्यात पैसे बुडणं आणि दुप्पट होणं दोन्ही मावतं. त्यांच्या मते खात्रीचं उत्तर हवं तर एक कोटी माणूस-आठवडे सहज लागू शकतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ अख्ख्या मुंबईची खरेदी आठवडाभर टिपायची. एकाच माणसावर नजर ठेवायची म्हटली, तर १,९०,००० वर्षं.

आणि या अंधूक उजेडात पैसा किती वाहतो? २०२४ मध्ये गूगलचं जाहिरातींचं उत्पन्न २६,४५९ कोटी डॉलर होतं, सेकंदाला ८,३०० डॉलरहून जास्त. नोंदींचाही तोटा नाही. आयरिश कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीजने २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, जाहिरातींच्या जागांच्या लिलावांत अमेरिकेतल्या माणसाची ऑनलाइन हालचाल आणि ठावठिकाणा दिवसाला सरासरी ७४७ वेळा वाटला जातो. प्रत्येक माणसाबद्दल इतकं टिपलं जातं, आणि त्याने पेटी कशामुळे घेतली याचं उत्तर तरीही त्या नोंदींत नसतं. मला यातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

छोट्या दुकानदाराच्या हाती तरीही काहीतरी आहे. दहा टक्क्यांचा फरक टिपायला लाखो माणसं लागतात, पण ईबेच्या ९९.५ टक्क्यांसारखा फरक काही शे क्लिकमध्येच उघडा पडतो. तुमच्या दुकानाच्या नावावर तुम्ही जाहिरात देत असाल आणि त्या नावावर दुसऱ्या कुणाची जाहिरात दिसत नसेल, तर ती पंधरा दिवस बंद ठेवा. नाव शोधून रोज किती लोक साइटवर येतात ते आधीच्या पंधरवड्याशी ताडून बघा. आणि ऑर्डरी मोजाल त्या आपल्या वहीतून मोजा.