गप्प बसलेलं कुत्रं निर्भय झालेलं असतं का?

दिवाळी जवळ आली की एक सल्ला हमखास ऐकू येतो: 'कुत्रं फटाक्यांना भितंय ना? बांधा गच्चीवर. तासभर ऐकू दे, भीती आपोआप मोडेल.' याला 'फ्लडिंग' म्हणतात. म्हणजे जनावराला भीतीत पूर्ण बुडवायचं आणि पळायला वाट ठेवायची नाही.

आता बघा, माणसावर असा उपचार करताना त्याची संमती असते, 'थांबा' म्हणायची सोय असते. कुत्र्याला यातलं काहीच नसतं. ते दोरी तोडू पाहतं, कठड्यावरून उडी मारतं, नाहीतर धरणाऱ्याला चावतं. भीती टिपेला असताना आपण त्याला खाली आणलं, तर पुढच्या वेळी ते जिन्यापाशीच थरथरायला लागतं.

आणि समजा, ते गप्प बसलं? आपल्याला वाटतं, जमलं! पण १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग आठवा. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के टाळताच आले नव्हते, त्यातली बरीचशी नंतर सुटकेची वाट मोकळी असूनही जागची हलली नाहीत. ती शांत नव्हती, हताश होती. म्हणून आपण खाण्याकडे बघायचं. आवडता खाऊसुद्धा नाकारतंय, धापा टाकतंय, शेपूट पोटाशी आहे, तर भीती तशीच आहे.

मग करायचं काय? जोसेफ वोल्पे यांनी दक्षिण आफ्रिकेत घाबरलेल्या मांजरांना आधी वेगळ्याच खोलीत खायला दिलं. मग हळूहळू, भीती बसलेल्या खोलीसारख्या दिसणाऱ्या खोल्यांमधून त्यांना मूळ जागेकडे नेलं. आपणही तेच करू शकतो. दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक लावायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. खाणं थांबलं की आवाज कमी करायचा. घाई नाही.

ऐन दिवाळीत मात्र शिकवणी बंद! आतली खोली, बंद खिडक्या, पंख्याचा आवाज. पलंगाखाली गेलं तर जाऊ द्या, ओढून काढू नका. जवळ आलं तर कुरवाळा. त्यानं भीती वाढत नाही. फारच भित असेल तर पशुवैद्यांना आधीच भेटा, औषधं आहेत.

भित्र्या जनावराचा आपल्यावर विश्वास असतो, तेवढंच आपलं भांडवल. दोरीनं बांधून ते वाढत नाही.