काच पुसू नका, पाणी शोधा

पावसाळ्यात गाडीची काच आतून धूसर झाली की हात आधी फडक्याकडे जातो. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात, समोर वळण आणि पलीकडून येणारी एसटी, अशा वेळी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच पुसणारे चालक सर्रास दिसतात. हे जितकं नेहमीचं, तितकंच जीवघेणं आहे. शिवाय पुसलेली काच दोन मिनिटांत पुन्हा भरून येते, कारण दोष काचेत नसतोच. गाडीतल्या हवेत पाणी फार झालंय, एवढंच ती सांगत असते. ते पाणी आलं कुठून, हे शोधल्याशिवाय धुकं कायमचं जात नाही. आणि हा शोध बहुतेक वेळा गॅरेजमध्ये पाऊल न टाकताही लागतो.

पहिली खात्री करायची ती काचेच्या बाजूची. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा दमट ठिकाणी एसी जोरात असला की काच इतकी गार होते की बाहेरच्या हवेतलंच पाणी तिच्यावर जमतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं. वायपर एकदा फिरवला आणि काच स्वच्छ झाली, तर धुकं बाहेरचं. तिथे एसीचा झोत काचेवरून हटवला आणि गारवा जरा कमी केला की काम भागतं. आतून जमणाऱ्या धुक्याचं दुखणं वेगळं असतं आणि त्याचा उपाय जवळजवळ उलटा. दोन्हींना एकच औषध देणारे लोक मग ‘एसी लावला तरी त्रास, बंद केला तरी त्रास’ म्हणून वैतागतात.

आतल्या धुक्याचा हिशेब सोपा आहे. २५ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. १५ अंशांना जेमतेम १३ ग्रॅम. लहान मोटारीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते, म्हणजे २५ अंशांना तिच्यात फार तर ७० ग्रॅम वाफ राहू शकते. बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी सहज बाहेर टाकतो. चार माणसं, सगळ्या काचा वर, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं, दाबून ठेवलेलं: अर्ध्या तासाच्या आत ती हवा काठोकाठ भरते. त्यात ओल्या छत्र्या आणि भिजलेले बूट. बाहेरच्या पावसाने गार झालेली काच हा गाडीतला सर्वांत थंड पृष्ठभाग, म्हणून पाणी आधी तिच्यावर उतरतं. गाडीत माणसं असतानाच काच धुरकटत असेल, तर पहिला संशय या बटणावर घ्यावा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की बाहेर धो-धो पाऊस असताना बाहेरची ओली हवा आत घेऊन काय साधणार? आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. घाटातली २० अंशांची पूर्ण दमट हवासुद्धा घनमीटरला १७ ग्रॅमच पाणी आणते. ती आत येऊन २६ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सत्तर टक्क्यांवर येते आणि ती काचेवरचं पाणी उचलू लागते. एसी चालू असेल तर अजून चांगलं, कारण हवा आधी कूलिंग कॉइलवर गार होऊन आपलं पाणी तिथेच सोडते. एसी आणि हीटर एकत्र लावणं अनेकांना वेडेपणा वाटतो. खरं तर तोच रामबाण उपाय: एसी हवा सुकवतो, हीटर तिला गरम करतो, आणि हीटरची ऊब इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतूनच मिळते. एसीला थोडं इंधन लागतं, हे खरं. पण ते वाचवायला एसी मध्येच बंद केला की कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि काच क्षणात आंधळी होते. घाटातल्या रस्त्यावर ही काटकसर माझ्या मते मुळीच परवडणारी नाही.

एवढं करूनही काच धरत असेल, किंवा रात्रभर रिकामी उभी असलेली गाडी सकाळी आतून दवाने भरलेली दिसत असेल, तर पाणी गाडीतच मुरलंय. रबरी मॅट उचलून खालच्या कार्पेटवर बोटं दाबून धरावीत. कार्पेट वरून कोरडं वाटतं, पण खालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि बोटांभोवती ओल वर येते. त्या पाण्याचं रूप पाहिलं की उगम कळतो. चालकाशेजारच्या सीटच्या पायाशी स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल, तर एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. दमट दिवशी पंधरा मिनिटं एसी चालवून गाडीखाली थेंब पडत नसले की संशय पक्का. गढूळ, कुजकट पाणी पावसाचं. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराचा पाला साचला की पाण्याची वाट अडते आणि ते ब्लोअरमार्गे आत उतरतं. दारांचंही तसंच. काचेच्या रबरातून दारात पाणी शिरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी रचना असते. भोकं चिखलाने बुजली की दार आपटताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. नवे स्पीकर बसवताना दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा फाटला असेल, तर तेच पाणी थेट कार्पेटवर येतं. आणि पाणी रंगीत, बुळबुळीत असेल, गोडसर वास येत असेल, पुढच्या काचेवर तेलकट थर बसत असेल, तर हीटरमधून कूलंट गळतंय. ते विषारी असतं आणि कमी झालं तर इंजिन तापतं. इथे मात्र थेट मेकॅनिक गाठावा.

शाम्पू, साबण किंवा दाढीचा फेस काचेला चोळण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने थेंबांऐवजी पाण्याचा सलग पातळ पापुद्रा होतो, म्हणून काही काळ आरपार दिसतं. अडचणीच्या वेळी चालेल, पण पाणी जिथल्या तिथेच राहतं, आणि लपलेली गळती पत्रा आतून गंजवत राहते. काच आतून नीट स्वच्छ ठेवणं हा वेगळा आणि खरा उपाय आहे, कारण डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारा आणि हाताने पुसताना लागणारा तेलकटपणा थेंबांना धरून ठेवतो. एसीचा फिल्टर धुळीने बसला असेल तर झोतच काचेपर्यंत पोचत नाही. डिकीच्या बाजूला किंवा मागच्या बंपरआड आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात; त्या सामानाखाली दबल्या तर ताजी हवाही नीट आत येत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर या धुक्याकडे पुरावा म्हणूनच पाहावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्यानंतरही पुराची वर्षं आली. पुरात भिजलेली गाडी वरून चकाचक करता येते, कार्पेटखालचा फोम आणि सीटचे रूळ मात्र सहसा कुणी बदलत नाही. व्यवहार ठरवण्याआधी सगळ्या काचा बंद करून गाडी तासभर उन्हात उभी करा, मग दार उघडून वास घ्या, सीटखाली गंज पाहा, मॅट उचला. विकणारा मॅट उचलू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नका.