हवाबंद डबा आणि घाटाची चढण

पेण-रोह्याकडील पोहे, पापड व वाल बोरघाट चढून पुण्याच्या बाजारीं जातात. पेणेस घट्ट बंद केलेल्या पिशव्या वर पोंचेपर्यंत फुगतात, आणि माल नासला अशी शंका गिऱ्हाइकास येते. हा दोष मालाचा नसून हवेचा आहे, हें आम्ही शेतकरी बंधूंच्या ध्यानीं आणूं इच्छितों.

पेण समुद्रसपाटीपासून फारसें उंच नाहीं. पुणें सुमारें ५६० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवर बाहेरील हवेचा दाब सुमारें सहा टक्क्यांनीं घटतो. डब्यांत मात्र पेणची हवा कोंडलेली असते व ती पत्र्यास आंतून रेटते. हा रेटा दर चौरस सेंटिमीटरास ६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्षुल्लक वाटेल. परंतु तेलाच्या चौकोनी डब्याची एक बाजू ८०० चौरस सेंटिमीटर धरली, तर तिच्यावर ५० किलोंहून अधिक भार पडतो. कच्चा डाख अशा वेळीं सुटतो.

उष्णतेचा परिणामही असाच होतो. २५ अंशांवर बंद केलेला डबा उन्हांत ४० अंशांस पोंचला, कीं आंतील दाब पांच टक्क्यांनीं वाढतो. रात्रीं तो उतरतो. झांकण किंचित् सैल असेल तर दिवसां हवा बाहेर जाते आणि रात्रीं ओलसर हवा आंत शिरते. पावसाळ्यांत पापडांस बुरशी येते व वालाच्या बियाण्याची उगवणशक्ति घटते, त्याचें हें एक कारण होय. पेरणी फसल्यावर तें उमगून उपयोग नाहीं.

याकरितां माल खडखडीत वाळवून, सावलींत पूर्ण निवल्यावरच भरावा. गरम भरल्यास डबा निवतांना बाहेरची ओल ओढून घेतो. डबा काठोकाठ भरावा. पिशवींतील हवा दाबून काढावी व फुगण्यास थोडी जागा ठेवावी.

एक इशारा मात्र अवश्य द्यावासा वाटतो. उंचीमुळें फुगलेली पिशवी पेणेस परत आणतांच पूर्ववत् होते. परंतु आमरसासारख्या ओल्या पदार्थाचा बंद डबा खालीं, थंड जागींही फुगलेलाच राहिला, तर आंत जंतूंनीं वायु उत्पन्न केला असें समजावें. तो डबा चाखूनही पाहूं नये, फेंकून द्यावा.