आधी आंघोळ, मग अक्षरे

राज्याचा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला. अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला, सेविकांसाठी ‘पोषण भी पढाई भी’ उपक्रमाची प्रशिक्षणेही सुरू झाली. तीन ते सहा वयाच्या मुलांबद्दल सरकारी कागदांत इतके सविस्तर यापूर्वी क्वचितच लिहिले गेले असेल. २०२२च्या राष्ट्रीय आराखड्याने तर सर्वांगीण विकासाची मांडणी तैत्तिरीय उपनिषदातल्या पंचकोशांच्या आधाराने केली आहे. त्यातला पहिला कोश अन्नमय, म्हणजे शरीर. मुलाच्या शिक्षणाची सुरुवात तिथूनच करायची असते, हे डहाणूच्या किनाऱ्यावर दोन बायकांनी १९४५ सालीच करून दाखवले होते. नव्या आराखड्यांच्या चर्चेत त्यांची नावे जितकी यायला हवीत तितकी येत नाहीत.

ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालमंदिराचे काम केले होते, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता आणि १९३६ पासून दादरला शिशुविहार चालवला होता. मॉन्टेसोरी पद्धत त्यांना पुरती अवगत होती. पण ती बालमंदिरे शहरी मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. खेड्यातल्या गरीब मुलांचे काय, या प्रश्नाने त्यांना डहाणूजवळच्या बोर्डीला नेले. सोबत अनुताई वाघ होत्या. लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले, तेव्हा अनुताईंचे वय होते अवघे तेरा. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि १९४५ मध्येच बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी मुले येईनात. मग या दोघींनी बालवाडीच उचलून दलित वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला. मुलांना तिथे पहिल्या दिवशी पाटी मिळाली नाही. नखे कापायची, डोकी विंचरायची, आंघोळ घालायची, खरजेवर औषध लावायचे, हाच पहिला धडा होता. कुणी याला ‘शिक्षणपूर्व’ काम म्हणेल, पण अनुताईंच्या लेखी ते शिक्षणच होते. स्वतःच्या हाताने तोंड धुणारे मूल पाणी, क्रम, स्वच्छता आणि ‘हे मला जमते’ हा विश्वास एकाच वेळी शिकत असते.

साहित्याचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला. मॉन्टेसोरीचे दट्टे-ठोकळ्यांचे संच महाग, आणि त्या वस्तीतल्या मुलांना परकेही. त्यांच्याऐवजी शिंपले, गोटे, चिंचोके, पाने, बिया आल्या. मोठे-लहान, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके हे सारे त्यांतून कळते. शिवाय हरवले तर समुद्र जवळच होता.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. खरी कसोटी तिथे लागली. मोठी बहीण शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आली. त्या रचनेला विकासवाडी म्हणत. मुलगे गुरांमागे जात, म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. मूल गैरहजर का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मुलाच्या घरात शोधले आणि त्याप्रमाणे शाळा बदलली. ‘समग्र बालक’ हा शब्द न वापरता केलेली त्याची इतकी पूर्ण व्याख्या दुसरीकडे सापडणे कठीण.

शहरात याच्या नेमके उलटे चालले आहे. नर्सरीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षरे गिरवायला लावतात आणि पालक त्या वहीवरून शाळेची पारख करतात. मनगटात आठ छोटी हाडे असतात. या वयात त्यांतली बरीचशी अजून कूर्चाच असतात. पेन्सिल धरण्याची तयारी माती मळण्यात, कागद फाडण्यात, मणी ओवण्यात होते. ती गाळून केलेले गिरवणे म्हणजे मुलाला विनाकारण दिलेला त्रास आहे. आराखड्यातही खेळालाच मध्यवर्ती जागा आहे. तरीही पालकसभेत पहिला प्रश्न लिहिण्याचाच येतो, आणि शाळा त्यापुढे मान तुकवतात.

अंगणवाडीची अडचण वेगळी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या सहा सेवांत पूर्वशालेय शिक्षण होतेच. पण सेविकेच्या वाट्याला आहार, वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर, लसीकरणाची जुळवाजुळव आणि वेळोवेळचे सर्वेक्षण असे सारेच येते. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरण्याचे कामही तिच्याकडे आले. ती सरकारी कर्मचारी नाही, मानधनावर आहे. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला, तरी डिसेंबर २०२३ मध्ये मानधन आणि ग्रॅच्युइटीच्या मागण्यांसाठी राज्यभरातल्या सेविकांना संपावर जावे लागले.

अनुताईंनी आयुष्याचा मोठा भाग बालसेविका घडवण्यात घालवला. गाणे म्हणता येणे, गोष्ट सांगता येणे, रडणाऱ्या मुलाजवळ बसता येणे आणि आईशी तिच्या बोलीत बोलता येणे या गोष्टी सरावाने, जाणत्या बाईच्या सोबतीने येतात. ‘पोषण भी पढाई भी’चे प्रशिक्षण तीन दिवसांचे आहे. ते हवेच, पण त्यानंतर सेविकेच्या शेजारी बसून तिचे काम पाहणारी अनुभवी मार्गदर्शकही हवी. आणि रोज सकाळचे दोन तास फक्त मुलांचे, त्या वेळेत कोणत्याही खात्याने तिच्याकडे दुसरे काम देऊ नये, असा स्पष्ट आदेश राज्य सरकारने काढायला हवा.