ठिपक्याची गिरकी

पालघरला एका शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन चालू असताना एका बाईंनी मला विचारले, "लघुग्रह दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो म्हणता, मग तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो, हे कळते कसे?"

घोलवडचा एखादा लांबट चिकू घ्या. त्याच्या मधोमध आडवी काडी खुपसा. अंधाऱ्या खोलीत आपल्या खांद्याजवळ विजेरी धरून कुणाला तरी दुरून ती काडी उभी धरून फिरवायला सांगा. चिकूची लांब बाजू समोर आली की जास्त उजेड परत येतो, टोक समोर आले की कमी. एका फेरीत लांब बाजू दोनदा समोर येते, म्हणजे तेजाच्या आलेखात दोन उंचवटे येतात. एकच उंचवटा मोजला, तर उत्तर निम्मे येते! आणि काडीच्या टोकाकडून पाहिले, तर उजेड जवळजवळ बदलतच नाही.

एरॉस हा लघुग्रह १८९८ साली सापडला. त्याचे तेज कमीजास्त होते, हे १९०१ मध्ये फॉन ओप्पोल्झर यांच्या लक्षात आले. उंचवटे सुमारे २ तास ३८ मिनिटांनी येतात. गिरकी मात्र ५ तास १६ मिनिटांची. २००० साली निअर यान तेथे पोचले, तेव्हा ३४ किलोमीटर लांबीचा ओबडधोबड खडक दिसला.

आपल्याकडची अडचण हवेची. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचे दिवे आणि समुद्रावरचा दमटपणा यांमुळे ठिपका उगाचच मंद वाटतो. म्हणून त्याच छायाचित्रातल्या दोन-तीन ताऱ्यांशी त्याचे तेज ताडून पाहतात. हवा सगळ्यांना सारखीच मंद करते, फरक तेवढा उरतो. (लघुग्रह सरकत असल्याने हे शेजारी दर रात्री नवे शोधावे लागतात.)

एवढा खटाटोप कशासाठी? सुमारे २०० मीटरपेक्षा मोठे लघुग्रह २.२ तासांहून कमी वेळात गिरकी घेताना क्वचितच आढळतात. त्यांतले पुष्कळसे म्हणजे गुरुत्वाकर्षणाने कसेबसे एकत्र राहिलेले दगडगोट्यांचे ढीग असावेत. जास्त वेगाने फिरले, तर ते विखुरतील. पृथ्वीच्या रोखाने येणाऱ्या लघुग्रहाला धक्का द्यायची वेळ आली, तर तो ढीग आहे की अखंड खडक, हे आधी ठाऊक हवे. काही मिनिटांत गिरकी घेणारा छोटा लघुग्रह नुसता सैल ढीग नसणार. सावकाश फिरणारा मात्र दोन्हींपैकी काहीही असू शकतो. तेथे एकट्या आलेखावर भागत नाही.